गवतावर की डांबरावर? फुल डाऊन ऑटोरोटेशन शिकताना

९ ऑगस्टला पोस्टाच्या पेटीत पिझ्झाची दोन कुपनं आणि त्यांच्यामध्ये अडकलेलं एफएएचं, म्हणजे अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याचं, पाकीट सापडलं. आत हेलिकॉप्टर शिकवण्याचं सर्टिफिकेट होतं. जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेलं प्रकरण एकदाचं संपलं. मधल्या काळात ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त छळलं, म्हणजे इंजिनाच्या जोराशिवाय हेलिकॉप्टर जमिनीला टेकवणं, तिच्याबद्दल मराठीत कुठे काही सापडलं नव्हतं, म्हणून लिहून ठेवतेय.

मी मूळची नाशिकरोडची. बाबा प्रेसमध्ये होते. गांधीनगरच्या विमानतळावरून उडणारी सैन्याची हेलिकॉप्टरं आमच्या गच्चीवरून रोज दिसायची. हल्ली ऑर्लँडोला सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी करते आणि शनिवार-रविवारी उडते. प्रायव्हेट लायसन्स २०१९ चं, कमर्शियल २०२२ चं. सगळं शिक्षण रॉबिन्सन आर-२२ वर. दोघं बसली की खांद्याला खांदा लागतो, एवढंसं हे हेलिकॉप्टर.

इंजिन बंद पडलं की हेलिकॉप्टर दगडासारखं खाली येतं, असा बहुतेकांचा समज असतो. तसं होत नाही. डाव्या हाताचा दांडा, म्हणजे कलेक्टिव्ह, झटकन खाली केला की पात्यांचा कोन कमी होतो आणि खालून वर येणारी हवाच पाती फिरवत राहते. याला ऑटोरोटेशन म्हणतात. आर-२२ ची पाती हलकी. त्यांच्यात साठलेली ऊर्जा थोडी, त्यामुळे दांडा खाली करायला जेमतेम एक-दीड सेकंद हातात असतो. मग ६५ नॉट वेग धरायचा. मिनिटाला दीड हजार फुटांच्या आसपास खाली येत राहायचं. जमिनीपासून साधारण ४० फुटांवर नाक वर करून वेग मारायचा, ८ फुटांवर परत सपाट व्हायचं आणि पात्यांत उरलेली ऊर्जा कलेक्टिव्ह वर ओढून एकदाच वापरायची. दुसरी संधी नसते.

आईने हे सगळं फोनवर ऐकून विचारलं, "अगं, पण चालतं इंजिन मुद्दाम कशाला बंद करायचं?"

प्रश्न बिनतोड आहे. खुद्द रॉबिन्सन कंपनीनेही आपल्या सुरक्षा-सूचना क्रमांक ३८ मध्ये हेच रडगाणं गायलंय: क्वचित होणाऱ्या इंजिन-बिघाडाचा सराव करताना दरवर्षी कितीतरी हेलिकॉप्टरं मोडतात. म्हणूनच नेहमीच्या सरावात शेवटच्या क्षणी थ्रॉटल उघडून, म्हणजे इंजिनाला पुन्हा जोर देऊन, हवेतच तरंगत थांबतात. त्याला पॉवर रिकव्हरी म्हणतात. प्रायव्हेट आणि कमर्शियलच्या परीक्षेला तेवढं पुरतं. पण इन्स्ट्रक्टर व्हायचं तर खरोखर जमिनीला टेकायचं ऑटोरोटेशन, म्हणजे 'फुल डाऊन', यावं लागतं. माझ्या परीक्षेच्या वेळच्या नियमांप्रमाणे परीक्षकाला ते प्रत्यक्ष बघायचं नसेल, तर ते येतं अशी तुमच्या इन्स्ट्रक्टरची लॉगबुकातली सही तो ग्राह्य धरू शकत होता. मी त्या सहीच्या मागे होते.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. मी ग्रीन कार्डवाली, म्हणजे टीएसएच्या (अमेरिकेतल्या वाहतूक-सुरक्षा खात्याच्या) लेखी परदेशीच. २०१९ ला प्रायव्हेट सुरू करण्यापूर्वी त्यांच्याकडे अर्ज, १३० डॉलर, बोटांचे ठसे आणि परवानगीची वाट बघणं हे सगळं झालं होतं. तेच पुन्हा करावं लागणार म्हणून मी जानेवारीतले दोन शनिवार जुने कागद स्कॅन करण्यात घालवले. मग कळलं, ती परवानगी तेव्हा पहिल्या लायसन्सला, इन्स्ट्रुमेंट रेटिंगला (बाहेरचं न दिसता फक्त उपकरणं बघून उडण्याच्या परवान्याला) आणि मल्टी-इंजिनला लागायची. कमर्शियलला किंवा इन्स्ट्रक्टरला लागत नव्हती. म्हणजे दोन शनिवार फुकट. लेखी परीक्षा दोन, प्रत्येकी १७५ डॉलर. शिकवण्याच्या तत्त्वांची ११ फेब्रुवारीला दिली, हेलिकॉप्टरची मार्चमध्ये. पहिलीत मानसशास्त्राची घोकंपट्टी आहे, आठवडाभर रात्री वाचली तर निघते. आर-२२ मध्ये शिकवायचं तर अजून एक वेगळी अट असते: हेलिकॉप्टरचे किमान २०० तास, त्यातले ५० आर-२२ चे. माझे २१४ होते.

खरी अडचण पुढे आली. माझ्या नेहमीच्या स्कूलने सांगितलं, विमा कंपनी फुल डाऊन करू देत नाही. दुसऱ्यानेही तेच सांगितलं. तिसरं सापडलं ते घरापासून दीड तासावर. तासाचे ४३० डॉलर, इन्स्ट्रक्टर धरून. फी विचारताना तेव्हाच, आणि लेखी, एक गोष्ट विचारून घ्या: सरावात हेलिकॉप्टरला काही झालं तर तपासणीचा खर्च कोणाचा? मी विचारलं नव्हतं.

१५ एप्रिलला पहिला दिवस. इन्स्ट्रक्टर वयाने साठीच्या पुढचे, सैन्यात बेल २०६ वर शिकलेले आणि शिकवलेले. मी हेल्मेट-बिल्मेट घेऊन तयार, तर त्यांनी हातात झाडूचा दांडा दिला आणि म्हणाले, "चल, गवत चालून येऊ."

धावपट्टीच्या बाजूला साधारण शंभर मीटर लांबीचा गवताचा पट्टा सरावासाठी आखलेला होता. लांबून हिरवागार, क्रिकेटच्या मैदानासारखा. आम्ही तो दोनदा चाललो, जाताना आणि येताना, दांड्याने टोचत. फ्लोरिडात एप्रिल म्हणजे कोरड्या ऋतूचं टोक. पंधरा-वीस पावलांवर लाल मुंग्यांचं वारूळ, गवताच्या वर जेमतेम चार बोटं, पण वाळून विटेसारखं. पुढे गवत कापणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकाची चाकोरी. मागे कधीतरी ओल्यात उमटलेली आणि आता तशीच कडक झालेली. कडेला एक चांगलं वीतभर रुंद बीळ. ते गोफर कासवाचं. फ्लोरिडात या कासवाला आणि त्याच्या बिळालाही कायद्याचं संरक्षण आहे, बुजवायची सोय नाही. तेवढा भाग नारिंगी झेंडी लावून सोडून दिलेला होता.

त्यांनी गाडीची किल्ली जमिनीत खुपसून पाहिली. ती आत गेलीच नाही. मला एकदम सिन्नरचे आजोबा आठवले. पेरणीआधी ते मूठभर माती दाबून, उघडून वाफसा बघायचे. फार ओली नको, फार कोरडी नको. हे गृहस्थ तेच करत होते, फक्त पेरायचं मी होते.

"आज गवत नाही," त्यांनी निकाल दिला. "आज डांबर."

मी खरं तर हिरमुसले. गवत मऊ असतं, लागलं तरी कमी लागतं, हे लहानपणापासून गुडघे फोडून शिकलेलं. डांबरावर इंजिनाशिवाय उतरायचं या कल्पनेनेच पोटात गोळा आला होता.

इन्स्ट्रक्टर होणाऱ्याने आर-२२ मध्ये डावीकडे बसायचं असतं, त्यामुळे इतक्या वर्षांचा सवयीचा देखावाही बदललेला. निघण्यापूर्वी त्यांनी सीटखालचा कप्पा उघडून माझी पाण्याची स्टीलची बाटली बाहेर काढली. जोरात आदळलं तर ती सीट चेपून धक्का पोटात घेते, खाली कडक वस्तू असेल तर ती मणक्यात घुसते. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं आणि तरीही बाटली तिथे ठेवली होती.

पहिलं फुल डाऊन त्यांनी करून दाखवलं. कार्ब्युरेटर हीट पूर्ण, कलेक्टिव्ह खाली, ६५ नॉट. १०० फुटांवर त्यांनी मोठ्याने म्हटलं: पात्यांचे फेरे तबकडीवरच्या हिरव्या पट्ट्याच्या मध्यात, वेग ६० ते ७०, उतरण्याचा दर ठीक, वळण संपलेलं. यातलं एक जरी नसेल तर तिथेच थ्रॉटल उघडायचं, चर्चा नाही. मग नाक वर, मग सपाट, थ्रॉटल पूर्ण बंद, कलेक्टिव्ह वर. कमी फेऱ्यांचा भोंगा वाजायला लागला आणि त्याच क्षणी खालून आवाज आला: खर्रर्रर्र. लोखंडी कपाट फरशीवरून ओढल्यासारखा. वारा जवळजवळ नव्हता, त्यामुळे टेकतानाही सायकलइतका वेग उरलेला होता. आम्ही दहा-बारा मीटर घसरत गेलो आणि थांबलो. एवढंच. आवाज भयानक, धक्का काहीच नाही.

डांबराचा फायदा हा, की ते घसरू देतं. इंजिनाशिवाय, वाऱ्याशिवाय, हलक्या पात्यांच्या हेलिकॉप्टरला पुढचा वेग शून्यावर आणून अलगद ठेवणं नवशिक्याला जमत नाही. उरलेला वेग कुठेतरी खर्च व्हावा लागतो. डांबरावर तो स्किडच्या, म्हणजे चाकांऐवजी असलेल्या दोन लांब नळ्यांच्या, तळाला लावलेले लोखंडी शूज घासण्यात खर्च होतो. शूज झिजतात, आणि अशा सरावात ते वरचेवर तपासा असं कंपनीची पुस्तिकाही बजावते, पण शूज बदलता येतात.

त्या दिवशी मी तीन केली. तिसऱ्यात मी थांबण्याआधीच कलेक्टिव्ह खाली सोडायला लागले आणि त्यांनी माझा हात धरला. घसरत असताना कलेक्टिव्ह सोडला की सगळं वजन एकदम स्किडवर येतं, घर्षण वाढतं आणि नाक खाली जातं. आणि घाबरून सायक्लिक, म्हणजे उजव्या हाताचा दांडा, मागे ओढला तर त्याहून वाईट. मंदावलेली पाती खाली झुकून शेपटीवर बसू शकतात. थांबेपर्यंत दोन्ही हात जिथल्या तिथे ठेवायचे. ऐकायला किती सोपं!

पुढच्या शनिवारी, २२ एप्रिलला, तीन डांबरावर चांगली झाली. मधल्या आठवड्यात एकदा पाऊस पडून गेला होता, किल्ली या वेळी थोडी आत गेली, आणि मीच म्हटलं, एक गवतावर करू या. ही माझीच हौस. तेही हो म्हणाले. चौथं होतं. त्याच सूचना क्रमांक ३८ मध्ये लागोपाठ तीन-चारपेक्षा जास्त करू नका असंही लिहिलंय, म्हणजे आम्ही अगदी काठावर होतो.

वरपर्यंत सगळं छान. १०० फुटांवर मी चारही गोष्टी मोठ्याने म्हटल्या. उजवीकडून किंचित वारा होता, तो मी पेडलने नाक सरळ ठेवून निभावला असं मला वाटलं. नाक सरळ होतं, हेलिकॉप्टर मात्र डावीकडे वाहत होतं, अगदी थोडं, माणूस रमतगमत चालतो तेवढं. टेकलं. डावा स्किड, माझ्याच बुडाखालचा, त्या वाळलेल्या चाकोरीच्या कडेला अडला. कल्पना करा, बस सुटताना तुम्ही दांडा धरलेला नाही. शरीर पुढे आणि डावीकडे गेलं, उजवा स्किड हलका झालेला सीटमधून जाणवला, आणि माझा उजवा हात सायक्लिक मागे ओढायला निघाला. तो हलला नाही. त्यांनी तो आधीच घट्ट धरलेला होता. भोंगा वाजत होता. मग उजवा स्किड खाली आला, धप्प. कलेक्टिव्ह खाली गेला, भोंगा थांबला.

काही क्षण कोणी बोललं नाही. मग ते म्हणाले, "आजचं पुरे," आणि इंजिन बंद केलं. हेलिकॉप्टर उडवत परत न्यायचं नाही, मेकॅनिकला इथेच बोलवायचं. मी उतरून चाकोरी बघितली. स्किडने तिच्या कडेची एक वीतभर ढेकळं उखडली होती. मी दोनदा त्यावरून चालले होते.

मेकॅनिकने दुसऱ्या दिवशी आडव्या नळ्या, त्यांचे जोड, शेपटीची जमिनीपासूनची उंची, सगळं मोजलं. काही वाकलं नव्हतं. बिल ३४० डॉलर. स्कूल म्हणालं अर्धं तू दे. मी म्हटलं इन्स्ट्रक्टर शेजारी होते, मी विद्यार्थिनी. चार ई-मेल झाले आणि मी १७० डॉलर भरले. लेखी विचारून घ्या म्हणते ते यासाठी.

दोन आठवडे मी गेले नाही. रात्री झोपताना तो उजव्या बाजूने हलकं होण्याचा क्षण परत परत यायचा. एका संध्याकाळी मी देवघरातला पाट घेतला, त्यावर पोह्यांचा भरलेला डबा ठेवला आणि हॉलमध्ये ढकलत बसले. फरशीवर पाट पुढे ढकलला, घसरला. आडवा ढकलला, तोही घसरला, थोडा अडखळून. गालिच्यावर पुढे ढकलला तर डबा डुलला. आडवा ढकलला तर पाटाची कड गालिच्यात रुतली आणि डबा कलंडला. झाकण घट्ट नव्हतं. पोहे सोफ्याखालून अजून निघतात.

पण डोक्यात बसलं. लागतं किती हा सवालच नव्हता. अडतं का, एवढंच विचारायचं. हेलिकॉप्टरचं वजन वर असतं, स्किड खाली. खालचा भाग अडला की वरचा पुढे जातोच, आणि बाजूला वाहत असताना एक स्किड अडला तर तोच बिजागरी होतो. डांबरावरही आडवं वाहणं माफ नाही, खड्डा किंवा पट्टीची कड तिथेही असते. पण पुढच्या वेगाला डांबर वाट देतं, आणि गवत रोज वेगळं वागतं. चिखल झालेलं गवत स्किड गिळतं, वाळलेलं लपवाछपवी करतं. उंच सुक्या गवतात तर आर-२२ ने उतरूच नये असं कंपनीच्या पुस्तिकेत बजावलंय, कारण एक्झॉस्ट जमिनीलगत असतो आणि गवत पेटू शकतं. ओलसर, आखूड, चालून पाहिलेलं गवत मात्र खरंच छान घसरतं.

इन्स्ट्रक्टरही डांबराचे आंधळे भक्त नव्हते. ६ मेला मी परत गेले तेव्हा म्हणाले, मे-जूनच्या उन्हात डांबरही नरम पडतं, तेव्हा सकाळी लवकर ये. आणि सततच्या ओरखड्यांवरून विमानतळाचा मॅनेजर त्यांच्यावर आधीच वैतागलेला होता. त्या दिवशी तीन डांबरावर केली. डोळे नाकासमोरच्या जमिनीवरून काढून लांब, पट्टीच्या टोकाकडे ठेवायचे, मग आडवं वाहणं लगेच कळतं. ही एक गोष्ट कोणीतरी मला पहिल्या दिवशी ओरडून सांगायला हवी होती. कदाचित सांगितलीही असेल.

२० मेला गवत. आदल्या दोन दिवसांत पाऊस पडलेला, किल्ली लोण्यात गेल्यासारखी नाही पण गेली, समोरून आठ-दहा नॉट वारा. तो पट्टा मी तीनदा चालले. मुंग्यांनी पायाला चावून घेतलं ते वेगळं, पायमोजे उंच घाला. समोरच्या वाऱ्याने अर्धं काम केलं. टेकताना वेग जवळजवळ नव्हताच, हातभर घसरलो असू. दोनदा केलं आणि मी स्वतःहून पुरे म्हटलं. खाली उतरल्यावर त्यांनी लॉगबुक मागितलं आणि गाडीच्या बोनेटवर ठेवून सही केली. एकूण ५.४ तास, म्हणजे २,३२२ डॉलर, पेट्रोल आणि टोल सोडून.

परीक्षा ३ जूनला होती, ढगांमुळे रद्द. १० जूनला परीक्षकच आजारी. फ्लोरिडात जूनमध्ये दुपारी रोज गडगडाट असतो, म्हणून तारीख घेताना सकाळी आठची मागा. १७ जूनला एकदाची झाली. फी १,००० डॉलर, चेक आधीच तयार ठेवा. अर्ज ऑनलाइन भरताना नाव पासपोर्टप्रमाणेच भरा. माझ्या मधल्या नावातल्या एका अक्षरावर चाळीस मिनिटं गेली.

तोंडी परीक्षा साडेचार तास चालली. तिसऱ्या तासाच्या सुमारास परीक्षकाने विचारलं, "तुझा विद्यार्थी म्हणतो, मला डांबराची भीती वाटते, फुल डाऊन गवतावर करू या. काय सांगशील?"

मी २२ एप्रिल सांगितला. चाकोरीसकट, पोह्यांसकट. पोहे म्हणजे काय हेही सांगावं लागलं. मग म्हटलं, आधी त्याच्या हातात झाडूचा दांडा देईन. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि हवामानाच्या प्रश्नावर गेले.

उडण्याच्या भागात पॉवर रिकव्हरीची ऑटोरोटेशन झाली, एक सरळ, एक १८० अंशांतून वळून. फुल डाऊनची वेळ आली तेव्हा त्यांनी लॉगबुक उघडलं, सही बघितली आणि "हे पुरे" म्हणाले. चार महिने ज्याची धास्ती घेतली ते कोणी बघितलंच नाही. सुटल्यासारखं वाटलं, आणि थोडा रागही आला. १२० दिवस चालणारं तात्पुरतं सर्टिफिकेट तिथेच छापून मिळालं.

निघताना निरोप घ्यायला त्या स्कूलमध्ये गेले. मेकॅनिकने भंगाराच्या डब्यातून आमच्या हेलिकॉप्टरचा झिजलेला डावा शू काढून दिला. माझ्या टेबलावर आहे. एक टोक जाड, दुसरं झिजून कागदासारखं धारदार झालेलं. बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवला तर आई मागून म्हणाली, "विळीचं पातं कुठून आणलंस?"